मिरचीच्या देठांचं विरजण

आमच्या घरात ताक नव्हतं. दही नव्हतं, कढी नव्हती, आंबील नव्हती. कारण मला लहानपणापासून एकच माहीत: आबांना ताक बाधतं. आबा म्हणजे माझे वडील. कुणी पाहुण्यानं विचारलंच तर माय सांगायची, "यांचे सांधे धरतात ताकानं." मी शाळेत तेच सांगितलं, कॉलेजात तेच, आणि पुढं आरोग्याच्या शिबिरांतून लोकांना आहार शिकवायला लागले तरी तेच. सत्तावीस वर्षं एक खोटं मी छातीठोकपणे खरं म्हणून सांगत होते. दुसऱ्याच्या अंधश्रद्धेवर बोट ठेवणाऱ्या माणसानं आधी स्वतःच्या घरातली फळी तपासावी, ती मी तपासली नव्हती.

वालूरला बस सोडून अर्धा तास चाललं की आमचं गाव. मी आरोग्यावर काम करणाऱ्या एका लहानशा गटात आहे. पाच-सहा जण आहोत. माझ्याकडं पत्रकं लिहायचं काम. पत्रकाचे दोन नियम मी शिकले. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याची गचांडी धरायची. शेवटच्या ओळीत त्याच्या हातात काहीतरी द्यायचं. मधलं लोक वाचत नाहीत, असं म्हणतात. माझे आबा वाचतात.

आबा सातवी शिकलेले. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी उभा जन्म काढला. माझं प्रत्येक पत्रक छापायला जायच्या आधी त्यांच्या हाताखालून जातं. उंबऱ्यात बसून, तांबडी पेन्सिल घेऊन ते ओळ न् ओळ बघतात. शुद्धलेखन नव्हे, खरं-खोटं बघतात. "हे तू पाह्यलंस का ऐकलंस?" असा त्यांचा प्रश्न असतो. ऐकलं म्हटलं की पेन्सिल फिरली.

गेल्या हिवाळ्यात जिनिंगमध्ये गाठीची पत्र्याची पट्टी सुटून त्यांच्या नडगीत घुसली. दवाखान्यात टाके पडले, पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळाल्या. तिथपर्यंत सगळं रास्त. पण जखम पुन्हा ओली वाटली म्हणून आबांनी रिकामं पाकीट जपून ठेवलं आणि औषधाच्या दुकानात नेऊन दाखवलं. दुकानदारानं बिस्किटाचा पुडा द्यावा तशा गोळ्या काढून दिल्या. पुन्हा पाच दिवस. मग तिसऱ्यांदा. ना चिठ्ठी, ना तपासणी. 'डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिक घेऊ नका' हे पत्रक मी स्वतः लिहिलेलं, आबांनी स्वतः तपासलेलं, आणि त्याच घरात गादीखाली तीन रिकामी पाकिटं. कुणावर चिडायचं? मी दुकानदारावर चिडले, ते सोपं होतं.

तिसऱ्या पाकिटानंतर जुलाब लागले. दिवसातून सात-आठ वेळा. पंधरा दिवसांत माणूस असा आटला की शर्ट तोच आणि आत कुणी दुसरंच आहे असं वाटायचं. सेलूला एका डॉक्टर बाईंकडं नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, त्या गोळ्या बंद केल्या, दुसरं औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं. जुलाब थांबले. भूक मात्र आली नाही. चतकोर भाकरी खाल्ली तरी पोट गुरगुरायचं. भिंत धरून उठायचे.

डॉक्टर बाईंनी समोर बसवून सांगितलं, "काका, जखमेतले जंतू मारायला निघालात आणि पोटात जे कामाचे जंतू होते तेही मारून बसलात. आता माझ्या औषधाचं काम संपत आलं. तुमच्या जेवणाचं सुरू झालं. ज्वारीची भाकरी, डाळ, केळ, सोसेल तसा कांदा-लसूण. आणि रोज दुपारी पेलाभर ताजं ताक."

आबा मान हलवत होते. ताकाशी मान थांबली.

परतताना बसमध्ये मी मायला समजावून सांगत होते. पोटात जंतूंची वस्ती असते. प्रोबायोटिक म्हणजे बाहेरून पोटात जाणारे जिवंत, उपयोगी जंतू. चांगल्या दह्या-ताकात असे जिवंत जंतू असतात. प्रीबायोटिक म्हणजे त्यांचं खाणं, जे आपल्याला पचत नाही पण त्यांना पुरतं. भाकरीतला, कांद्यातला, डाळीतला चोथा.

माय म्हणाली, "म्हणजे एक जनावर आन एक वैरण."

गटात आम्ही या दोन शब्दांचा फरक सोपा करण्यासाठी दोन बैठका घातल्या होत्या.

"मग वैरण तर आपल्याकडं ढिगानं हाय," ती पुढं म्हणाली. "जनावरंच मेलीत. रिकाम्या गोठ्यात कडबा टाकून काय करायचं?"

विज्ञान इतकं सरळ नसतं, सगळी जनावरं मरत नाहीत, उरलेली हळूहळू वाढतातही. ते मी तिला सांगितलं. पण वैरणीबद्दल तिचं शंभर टक्के खरं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, लसणाची चटणी, हरभऱ्याचं घाटं, सकाळी कालची भाकरी. शिळी भाकरी खाणारे म्हणून आम्हाला हिणवणारी माणसं मी शाळेत पाहिलीत, डबा झाकून खाल्लाय मी. आता कळतं की गार झालेल्या भाकरीतलं थोडं पीठ आपल्याला पचतच नाही, ते थेट त्या जंतूंपर्यंत जातं. ज्यांनी हिणवलं त्यांच्या घरी आता डब्यातून चोथ्याची पावडर येते, चमच्यानं मोजून. खा म्हणावं.

तर वैरणीचा प्रश्न नव्हता. प्रश्न ताकाचा होता, आणि आबा नाही म्हणाले.

"सांधे धरतील," ते म्हणाले.

"डॉक्टर बाईंनी सांधे तपासलेत," मी म्हटलं.

"मग मन धरंल," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

मी वालूरहून दह्याचं पाकीट आणलं. मायनं घुसळून ताक करून समोर ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते तसंच, वर पाणी सुटलेलं.

नेमकं त्याच आठवड्यात पोटावरच्या पत्रकाचा कच्चा छाप सेलूहून आला. पिवळ्या कागदाची चार पानं. मी मुद्दाम आबांच्या हातात दिला. वाटलं, माझं ऐकत नाहीत तर माझं छापलेलं तरी ऐकतील. त्यात मी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'ताक ही आपली पिढ्यान् पिढ्यांची परंपरा आहे.'

आबांनी तांबडी पेन्सिल मागितली. नीट गोल काढला. 'आपली' या शब्दाभोवती.

"ही आपली म्हणजे कोणाची?"

"आपल्या लोकांची. मराठवाड्याची."

"मराठवाड्यात मला धरलंस का सोडलंस?"

माय चुलीपाशी होती. तिनं भाकरी थापणं थांबवलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत आहे.

मग आबांनी सांगितलं. एकदाच सांगितलं, आवाज न चढवता. ते सात-आठ वर्षांचे होते. आमच्या घरानं धम्म घेऊन बरीच वर्षं झाली होती. आजोबांनी गावकीची कामं सोडली होती, मागून खाणं सोडलं होतं. पण उन्हाळ्यात पोरांच्या पोटाला गार काही नसायचं, म्हणून आजी आजोबांपासून लपवून आबांना ताकाला पाठवायची. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी लोणी काढायचा दिवस ठरलेला असे. त्या दिवशी पहाटे जायचं, आधी गोठा झाडायचा, मग दाराबाहेर गडू घेऊन बसायचं. बाई ओट्यावर उभी राहायची आणि वरून ताक ओतायची. गडूला भांडं लागू नये म्हणून हातभर उंचावरून. अर्धं गडूत, अर्धं मनगटावर.

"कोपरापातुर ओघळायचं," आबा म्हणाले. "मी चाटायचो. लय गोड लागायचं. खोटं कशाला सांगू."

एक दिवस वाटेत आजोबा भेटले. त्यांनी गडू घेतला, रस्त्यातच पालथा केला, आणि आबांना मारलं नाही. नुसतं म्हणाले, पुन्हा आपल्या घरात हे येणार नाही. आलं नाही. आजोबा गेले, मग आजी गेली, ती बाई गेली, तरी आलं नाही.

"आता तू लिव्हलंस परंपरा," आबा म्हणाले. "परंपरा म्हंजे ओतणाराची का चाटणाराची, ते बी लिव्ह."

मी घराघरांत जाऊन पत्रकं वाटते, सभेत माइक धरते. सांधे धरतात म्हणून मी कितीजणांना सांगितलं होतं, ते चेहरे आठवत बसले.

बोलली ती माय. तिचं माहेर पालमकडचं. तिच्या बापाची स्वतःची म्हैस होती. लग्नानंतर तिनंही ताक सोडलं, का सोडायचं ते कळल्यावर एका शब्दानं विचारलं नाही. त्या दिवशी मात्र पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली.

"अवो, मग चहात दूध कसं चालतं तुमाला? ते बी म्हशीचंच हाय की."

"दूध मी कधी मागितलं न्हाई. दूध मागायची हिंमत कुणाला होती?"

"आन पाकिटातलं दही? ते तर इकत आणलंय पोरीनं."

"पैसे टाकले म्हणून कुठली बी वस्तू आपली होत न्हाई."

"म्हंजे मागितलेलं नको, इकतचं नको." तिनं बोटांवर मोजलं. "घरात जल्मलेलं चालंल का?"

आबा हसले. महिन्यात पहिल्यांदा. "दही जल्मतंय व्हय कुटं? इरजन लागतं. आन इरजन मागावंच लागतं."

हे खरंच आहे. कुणाच्याही घरातलं दही दुसऱ्या घरातून आलेलं असतं. संपलं, नासलं, की वाटी घेऊन शेजारी जायचं. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत दही लागत नव्हतं, आणि जिथं लागत होतं तिथंही ते फिरत फिरत कुठून आलं असेल हे आबांना पाठ होतं.

"न मागता लावते," माय म्हणाली. "माज्या आईनं दुष्काळात लावलं होतं."

दुसऱ्या दिवशी रतिबाचं दूध उकळून तिनं कोमट केलं. हिरव्या मिरच्यांचे देठ, टोपीसकट, धुऊन त्यात टाकले. सात-आठ असतील. गाडगं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं. मी बघत राहिले. असलं काही मला कुणी शिबिरात सांगितलं असतं तर मी त्याची उलटतपासणी घेतली असती. ती मी घेतलीच. परभणीच्या विद्यापीठात दुधाचं शास्त्र शिकणारी माझी मैत्रीण आहे, तिला फोन लावला.

"लागतं," ती म्हणाली. "देठावर दही लावणारे जंतू असतात. पण त्यांच्यासोबत दुसरेही कुणी कुणी असतात. आजारी माणसाला पहिलं दही अजिबात देऊ नको. त्यातला चमचा नव्या दुधाला लाव, त्यातला पुन्हा नव्या दुधाला. तीनदा-चारदा. आंबट स्वच्छ वास आला, घट्ट बसलं, तार आली नाही, रंग आला नाही, तर पुढं जा. शंका आली की फेकून दे. आणि डॉक्टरांना विचार."

डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दूध उकळलेलं हवं, भांडं उकळत्या पाण्यानं धुतलेलं हवं, आणि सुरुवात अर्ध्या पेल्यानं.

पहिलं दही विरविरीत झालं. वर पाणी, खाली मऊ थर, वासाला मिरचीचा झटका. देठ काढले, चमचाभर पुढं लावलं, बाकी टाकून दिलं. दुसरं जरा बसलं. माय त्यांना पिढ्या म्हणायला लागली. "दुसरी पिढी बरी निगाली. पयलीच्या अंगात तिखट होतं." तिसरी पिढी मी आणि मायनं खाल्ली. दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःवर करून बघावं, एवढी शिस्त मला आहे. दिवसभर दोघी एकमेकींच्या पोटाची चौकशी करत होतो. काही झालं नाही. चौथं दही असं बसलं की गाडगं तिरकं केलं तरी हललं नाही.

हे चारही दिवस आबा रोज सकाळी तोंड धुऊन आले की चुलीकडं एक नजर टाकायचे.

पाचव्या दिवशी मायनं ताक केलं. पेला त्यांच्या हातात दिला नाही. त्यांच्यासमोर ठेवला आणि बाजूला झाली. घ्यायचं तर त्यांनीच उचलायचं होतं.

"कोणाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"देठाचं," माय म्हणाली.

त्यांनी पेला उचलला, वास घेतला, एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मी पाठीमागं उभी होते, मला त्यांचे फक्त कान दिसत होते. मग उरलेलं प्यायले आणि पेला खाली ठेवला.

"मीठ कमी हाय," म्हणाले.

ताकानं आबा बरे झाले असं मी लिहिणार नाही. असं लिहिणाऱ्यांशी माझं भांडण आहे. जुलाब औषधानं थांबले, चुकीच्या गोळ्या बंद झाल्या म्हणून पोटाला उसंत मिळाली, आणि पुढं भाकरी, डाळ, ताक, दिवस या सगळ्यांनी मिळून काम केलं. कुणाचा वाटा किती, ते मला माहीत नाही. आठवडाभरात ते अख्खी भाकरी खायला लागले, महिन्यानं वालूरपर्यंत चालत जाऊन आले, एवढं मी पाहिलेलं आहे. ऐकलेलं नाही.

मायच्या अंगात तर संचारलं होतं. तीस वर्षांची आंबील तिनं एका उन्हाळ्यात करून घेतली. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, लसूण-जिरं लावायचं. मी पत्रकात घातलं, 'आंबिलीत कोट्यवधी जिवंत जंतू असतात.' मैत्रिणीनं फोनवरच कापलं: रटरटा शिजवल्यावर कसले जिवंत राहतात? मी ओशाळून मायला सांगितलं. ती म्हणाली, "आगं, आंबील गार झाल्यावर वरून ताजं ताक घालतेच की मी. तू कदी बघितलंस का? तू नुसती पितीस." तेवढी ओळ पत्रकात गेली: ताक शेवटी घाला, गार झाल्यावर.

ताकाच्या परंपरेची ओळ मात्र अडून बसली होती. मी 'आपली' काढून 'मराठवाड्याची' केलं, मग तेही खोडलं. छापखान्यातून दोनदा फोन आला. मी सांगितलं, थांबा.

मग एका सकाळी दारात बाई उभी राहिली. ज्या घरचं ताक आबांच्या कोपरापर्यंत ओघळायचं त्या घरची सून. नातसून म्हणा. माझ्याच वयाची. त्यांची म्हैस केव्हाच विकली गेली, आता त्यांच्याकडंही पाकिटातलं दूध येतं. हातात स्टीलची वाटी होती.

"मावशी, आमच्या दह्याला आठ दिवस झाले तार यायलीय," ती मायला म्हणाली. "तुमचं लय घट्ट बसतं म्हणत होत्या शाळेपाशी बाया. जरासं इरजन मिळंल का?"

माय आबांकडं बघायला लागली. मीही. माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं, पहिल्या ओळीपासून. त्या पोरीला बहुतेक काही माहीतही नव्हतं, आणि माहीत नसणं हीसुद्धा एक ऐट असते, हे तिला ऐकवायचं होतं मला.

आबा उंबऱ्यात बसले होते. म्हणाले, "आण इकडं वाटी."

तिनं वाटी दिली. त्यांनी ती हातात घेतली, डाव्या हातानं धरली, मायकडून गाडगं मागवलं. गाडग्याची कड वाटीला टेकवली. चमच्यानं दही वाटीत सोडलं, एक थेंब बाहेर गेला नाही. मग वाटी तिच्या हातात दिली, बोटं बोटांना लागली.

"दूध कोमट असू दे," म्हणाले. "करंगळीला सोसंल एवढंच. आन परत तार आली तर लाजू नको, ये."

"येते काका," ती म्हणाली आणि गेली. घरी जाऊन तिनं कोणाचं विरजण म्हणून सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारायलाही गेले नाही. ते तिच्या घराचं बघतील.

आबांनी माझ्याकडं हात केला. "तो पिवळा कागद आण."

'आपली' भोवतीचा गोल त्यांनी खोडला नाही. त्या ओळीला हातही लावला नाही. शेवटच्या पानावर गेले, जिथं मी लिहिलं होतं की मळमळ, ताप, रक्त पडणं असं काही असेल तर ताकावर विसंबू नका, दवाखाना गाठा. त्याच्या खाली तांबड्या पेन्सिलीनं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करत त्यांनी एक ओळ लिहिली.

गटाच्या बैठकीत त्यावर वाद झाला. एकजण म्हणाला, हे आरोग्याचं पत्रक आहे, यात या ओळीचं काय काम? मी म्हटलं, माझ्या बापाचं पोट या ओळीवर अडलं होतं, तुमच्या कुठल्या जंतूवर नव्हतं. ओळ राहिली. परंपरेची ओळ मी सगळीच काढून टाकली, तिची कुणाला आठवणही झाली नाही.

पत्रक आता सेलूच्या बस स्थानकावर, बाजारात, वालूरच्या शाळेत गेलंय. लोक मधलं वाचतात की नाही ठाऊक नाही. शेवटची ओळ मात्र वाचतात. म्हातारी माणसं ती वाचून थांबतात. तरुण पोरं विचारतात, ताई, हे काय लिहिलंय, हे तर सगळे तसंच करतात ना? मग मी त्यांना बाकावर बसवते आणि पहिल्यापासून सांगते. ओळ अशी आहे:

'कोणी विरजण मागायला आलं तर त्याची वाटी हातात घ्यावी. वरून ओतू नये.'